कळलंराव आणि पाच पुरवण्या

पुस्तकं बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, पण गल्लीत त्यांना बाइंडर म्हणून कुणी हाक मारत नाही. कळलंराव म्हणतात. गिऱ्हाइकानं "कोपऱ्यांना कापड लावा, पण पाठीला..." इथवर तोंड उघडलं की यांचं "कळलं!" तयार. गिऱ्हाईक उरलेलं वाक्य गिळून घरी जातं. एकदा डॉक्टर गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर ते सांगणार, तेवढ्यात हे "कळलं" म्हणून उठले. मग घरी येऊन ती जेवता-जेवता मधल्या घासाला घेतली. म्हणजे चुकलं तरी निम्मंच चुकेल. लग्न ठरताना यांना नेमकं काय कळलं होतं, हे बायकोनं आजवर विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते, असं तीच सांगत फिरते.

तर या कळलंरावांची एकुलती एक लेक नोकरीसाठी लांब गेली आणि घरात फोनवरचा संसार सुरू झाला. "जेवलीस?" "जेवले. तू?" "जेवलो." मग दोन्हीकडे शांतता. दोघांचंही काहीतरी पलंगाखाली गेलंय आणि दोघं वाकून शोधतायत, अशी. माया उतू जात होती, पण विषय आटला होता.

तोड लेकीनंच काढली. तिला एका ऑनलाइन खेळाचं वेड. राक्षस, जादूगार, किल्ले, असला मामला. सुट्टीला आली तेव्हा तिनं आपला जुना कॉम्प्युटर दुकानामागच्या खोलीत, पुठ्ठे कापायच्या टेबलावर मांडला, बापाच्या कानांवर हेडफोन चढवले आणि बापाला त्या राज्यात सोडून दिलं. तिथं कळलंराव झाले बुटके, कमरेपर्यंत दाढीवाले, कुऱ्हाड घेतलेले योद्धे.

"इथं मिशीसुद्धा धड येत नाही, आणि तिथं बघा थाट!" बायको म्हणाली.

पण गुण आला. जंगलातून शेजारी शेजारी चालताना लेकीची जीभ सैल सुटायची. "बाबा, डावीकडचा राक्षस तू घे. आणि ऐक ना, आमच्या साहेबांनी काल काय केलं माहितीये?" राक्षस पडायचे आणि साहेबांची लबाडी, घरमालकिणीचा खडूसपणा, ताप आल्याचं फोनवर लपवलेलं, असं सगळं बाहेर यायचं. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की गल्लीनं समजावं, योद्धा कामावर निघाला.

अशातच एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, रविवारी आमची टोळी जहाजानं नव्या प्रदेशात जातेय. आता बरेच महिने मी तिकडेच असणार. तुलाही यायचंय. त्यासाठी एक्सपान्शन घ्यावं लागेल. तुझ्याकडे मूळ खेळच आहे ना, मग तू सरळ..."

"कळलं!"

झालं. सवय ती सवय.

हेडफोन काढल्यावर बायकोनं विचारलं, "काय घ्यायचंय म्हणे?"

"पुरवणी. मूळ पुस्तकाला मागून जोडतात ना, तशी."

खेळाच्या ऑनलाइन दुकानाचं पान उघडलं मात्र, कळलंरावांची दांडीच गुल. पुरवणी एक नव्हती, पाच होत्या. 'हिमदुर्गाची हाक', 'राखेचं सिंहासन', आणि अशाच तीन. प्रत्येकीच्या चित्रावर एक चिडलेला माणूस आणि मागे काहीतरी जळतंय. शिवाय सुवर्ण आवृत्ती. तिच्यात पहिल्या तीन, पण मूळ खेळ नाही. संपूर्ण संच म्हणावा, तर त्यात शेवटची नाही. मग तो संपूर्ण कसा? संग्राहक आवृत्तीत कुठलीच पुरवणी वेगळी दिसेना, पण एक पांढरा घोडा मिळत होता.

"घोडा घ्या," बायको म्हणाली. "निदान लेकीकडे पोचाल तरी."

"तू गप गं."

लेकीला फोन करायला दोनदा हात गेला. पण "कळलं" म्हटल्यावर विचारायचं कोणत्या तोंडानं? शेवटी गेले कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे. तो म्हणाला, "सगळ्यात नवं निघालंय ते घ्या. आमच्याकडे नवं औषध आलं की जुनं कोण विचारतो?"

हा सल्ला बाइंडराच्या हाडाला मानवला नाही. पाच खंडांतला पाचवा आधी? जन्मभर त्यांनी छापील पानांचे फर्मे क्रमानं लावले होते. एकदा पहिल्या खंडाशिवायचा संच बांधायला आणणाऱ्या प्राध्यापकांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं, "आधी डोकं आणा, मग धड शिवतो." त्यांनी हिशेब बसवला: पहिलीशिवाय दुसरी उघडणारच नाही, तेव्हा सुरुवात पहिलीपासून. आणि घेतली 'हिमदुर्गाची हाक'. वर बायकोला ठणकावून सांगितलं, "आता कळलं सगळं."

रविवारी संध्याकाळी धक्क्यावर ही गर्दी. लेक, हिरव्या झग्यातली जादूगारीण, जहाजावर उभी. टोळी घाई करतेय. योद्धा ऐटीत जहाजावर चढायच्या फळीपाशी गेला आणि नावाड्यानं हात आडवा घातला: या प्रदेशाचं दार तुमच्यासाठी बंद आहे.

"बाबा, चढ ना!"

"चढतोच आहे."

फळीवरून जमेना, म्हणून कळलंरावांनी बाजूनं उडी मारली. चिलखतासकट सरळ पाण्यात.

"बाबा, पाण्यात काय करतोयस? घेतलंस ना एक्सपान्शन?"

"घेतलं की. पहिलं."

"पहिलं? अरे, ते कशाला! मी तेव्हा सांगत होते ना..." घंटा वाजली. शीड वर गेलं. "बाबा, तुला कळलं होतं ना?"

कळलंरावांचं तोंड सवयीनं उघडलं. समोर लेकीचा हिरवा झगा हळूहळू सरकायला लागला होता. मागे भाजी निवडणारी बायको थांबून बघत होती.

"नाही," ते म्हणाले. "कळलं नाही. त्या दिवशीपण कळलं नव्हतं. मला यातलं काहीच कळत नाही गं."

 हेडफोनमध्ये टोळीतला कुणीतरी ओरडला, आणि पाण्यात आणखी एकदा धप्प झालं.

जहाज गेलं. धक्क्यावर एक ओला योद्धा आणि एक ओली जादूगारीण बसले. लेक समजावत राहिली: नवीन घेतलं की मागचं सगळं त्यातच येतं, पहिलं तर तुला असंच फुकट मिळालं असतं, टोळीला मी नंतर गाठते. कळलंराव मध्ये-मध्ये विचारत होते. मग सुवर्ण म्हणजे काय? मग घोड्याचं काय? मग जुनी विकतात तरी कशाला? प्रत्येक उत्तरातून दोन प्रश्न निघत, आणि त्यांच्या मधूनच साहेबांची बदली झाल्याचंही निघालं.

हेडफोन उतरवून ते चहाला बसले, तेव्हा बायकोनं विचारलं, "मग? कळलं का शेवटी?"

"छे," कळलंराव खुशीत म्हणाले. "ओ की ठो कळलं नाही. उद्या परत सांगणार आहे ती."