ओकचा पलंग घेऊन ओडेनवाल्डला

आम्ही तीन दिवस जर्मनीतल्या ओडेनवाल्डच्या डोंगरात गेलो ते सहलीसाठी नव्हे, भांडायला. निदान मी तरी. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, गाडी चालवायला आला होता. मागे भाड्याच्या व्हॅनमध्ये आमचा पलंग होता, सुटा करून रजयांत गुंडाळलेला.

माझी बहीण ओहायोत राहते. तिने तिथल्या आमिश, म्हणजे अजून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या पंथाच्या, सुतारांकडून बेडरूमचं सगळं सामान करून घेतलं आणि आठवडाभर फोटो पाठवले. मी नाक मुरडलं. श्रीकांतने मात्र फोटो मोठे करून सांधे पाहिले. एकतीस वर्षांच्या संसारात पडद्यांपासून मोटारीपर्यंत सगळं मी निवडलं आहे. त्याने पहिल्यांदाच सांगितलं, "मला असा पलंग हवाय." आमिशांचे पूर्वज इकडूनच तर गेले, मग ओहायो कशाला, म्हणून त्याने ओडेनवाल्डच्या एका खेड्यात हातकाम करणारा सुतार शोधला. तिथे जाऊन त्याने फळ्या बोटांनी वाजवून पाहिल्या, सांध्यांत स्क्रू नाहीत याची खात्री केली आणि डोक्याकडच्या बाजूसाठी एक भलीमोठी गाठ असलेली ओकची फळी पसंत केली. मी तेव्हा पुण्याला होते, म्हणून हे शक्य झालं.

आठ महिन्यांत पलंग चिकट झाला. अभ्रे फळीला चिकटू लागले, खोलीत खवट वास भरला. श्रीकांत हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला गेला आणि पाठ धरून उठू लागला. "केलीस ना निवड?" हे मी त्याला रोज ऐकवलं. सुताराला तीन पानी पत्र लिहिलं, त्यात कायद्याचे चार शब्द घातले. उत्तर एका ओळीचं आलं: पलंग घेऊन या.

एश्बॉर्नच्या आमच्या घरून शुक्रवारी सकाळी आठला निघालो. ए-फाइव्ह महामार्गाने बेन्सहाइम, तिथून बी-सत्तेचाळीस रस्त्याने लिंडेनफेल्सवरून डोंगरात. रस्ता सुरेख आहे, दोन्ही बाजूंना बीच नावाची उंच झाडं, पण वळणं फार. फळी हलेल म्हणून श्रीकांत तीसच्या पुढे जाईना आणि आमच्या मागे एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत राहिला. दीड तासाच्या वाटेला आम्हाला सव्वादोन तास लागले. त्या वेळात मी भाषण पाठ केलं.

हेर आर्नोल्ड हा सुतार साठीचा, अबोल माणूस. त्याच्या वर्कशॉपच्या भिंतीवर माझं पत्र टाचणीने लावलेलं होतं. मी विचारलं, हा काय प्रकार? तो म्हणाला, इतकं शुद्ध जर्मन मला कोणी लिहीत नाही, माझ्या शिकाऊ मुलांना दाखवतो. माझ्या भाषणाचा पहिला परिच्छेद तिथेच गळाला.

त्याने सगळ्यांत चिकट झालेली डोक्याकडची फळी टेबलावर घेतली, बोट लावलं, मग वाकून वास घेतला.

"तेल कोणतं लावलंत?"

"तुमच्या कागदावर लिहिलं होतं, वर्षातून दोनदा तेल. मी दर महिन्याला लावलं. शुद्ध खोबरेल, घाण्याचं."

"आल्झो," म्हणजे अस्सं, तो म्हणाला आणि त्याने बोट फडक्याला पुसलं.

नंतर त्याने जे सांगितलं ते लाकडी सामान घेणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावं. लाकडाला जवसाचं तेल लागतं, कारण ते वाळतं. खोबरेल कधीच वाळत नाही, ते नुसतं आत बसून खवट होतं. तेल पातळ लावायचं आणि पाव तासाने उरलेलं पुसून काढायचं. धूळ कोरड्या फडक्याने झटकायची. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते, असं अभिमानाने सांगितलं, तेव्हा त्याने फक्त डोळे मिटले. जवसाची चटणी मी चाळीस वर्षं करते आहे. रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे. कोणतं तेल ते विचारू या, असं श्रीकांत म्हणाला होता आणि तेल म्हणजे तेल, असं मी त्याला सुनावलं होतं, हेही इथे नोंदवते.

श्रीकांतने एवढंच विचारलं, "फळी वाचेल का?"

हेर आर्नोल्डला सांगता येईना. वरचा थर खरवडायचा, टर्पेंटाईनने पुसायचं, जवसाचं तेल लावायचं आणि रविवारपर्यंत थांबायचं. खोबरेल खोल गेलं असेल तर वरचं तेलही वाळणार नाही, मग फळी टाकावी लागेल. त्या झाडाची दुसरी फळी त्याच्याकडे नव्हती.

मी बाह्या सरसावून खरवडायच्या पोलादी पट्टीकडे हात नेला. त्याने ती श्रीकांतला दिली आणि मला म्हणाला, "तुम्ही धरा." मी चार तास फळी धरून उभी राहिले. सूचना सात-आठ दिल्या असतील, फार नाही. शेवटी तेलाचं फडकं नीट चौघडी घालून डब्यात ठेवलं, तर हेर आर्नोल्डने झडप घालून ते काढलं आणि बाहेर दोरीवर पसरलं. जवसाच्या तेलाचं फडकं घडी करून ठेवलं तर आपोआप पेटू शकतं. म्हणजे माझी टापटीपही धोकादायक निघाली.

मुक्काम गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खानावळ असलेल्या छोट्या लॉजमध्ये. खोली स्वच्छ, न्याहारी भरपूर, कार्ड चालत नाही, रोख न्या. शाकाहाऱ्यांनी कोखकेझे मागवावं: शिजवलेलं मऊ चीज, वर व्हिनेगरमधला कांदा आणि शहाजिरं, सोबत ब्रेड. शनिवारी मिशेलस्टाटला गेलो. तिथली जुनी नगरपालिका लाकडी खांबांवर उभी आहे, ओकचे खांब, पाचेक शतकं झाली. माझ्या हाती ओक आठ महिने टिकला होता. श्रीकांत खांबावरून हात फिरवत राहिला. फळी गेली तर तो काहीच म्हणणार नाही, पुढचा पलंग मलाच निवडायला सांगेल, हे मला तिथे कळलं, आणि जेवण गोड लागेना.

रविवारी हेर आर्नोल्ड काम करत नाही, पण बोट लावणं म्हणजे काम नव्हे, असं म्हणत त्याने दार उघडलं. श्रीकांतने एका टोकापासून बोट फिरवत नेलं. कोरडं, कोरडं, कोरडं. गाठीपाशी बोट चिकटलं.

हेर आर्नोल्ड म्हणाला, गाठ कापून तिथे नवा तुकडा बसवता येईल, दिसणारही नाही. माझ्या तोंडात "कापा" आलंच होतं. मी खोकले.

"तू सांग," मी श्रीकांतला म्हणाले.

मी आजारी तर नाही ना, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे. ती पाहूनच घेतली होती. वाळेल सावकाश."

"गेनाऊ," हेर आर्नोल्ड म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर.

परतताना लिंडेनफेल्सच्या वळणावर मी म्हणाले, चूक माझी होती. त्याने मान हलवली आणि गाडी तीसवरच ठेवली.

श्रीकांत आता पलंगावर झोपतो. गाठ अजून थोडी चिकट आहे, तिच्यावर मत द्यायची मला परवानगी नाही. जवसाचं तेल तोच लावतो. त्या वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेते, कारण तो आडव्या रेषेत लावतो की उभ्या, हे दिसलं तर मला गप्प बसवणार नाही.