भाकरीच्या चित्राची रिकामी जागा

रस्त्यातली लिंबू-मिरची बिनधास्त ओलांडून ऑफिसला जाणारी मी बाई... त्यामुळे हे वाचून आधी माझ्या मैत्रिणीच हसतील. हसू देत.

आम्ही सोलापूर शहरातल्या ‘जुळे सोलापूर’ भागात राहतो. देवघरात खंडोबा, आणि हॉलच्या भिंतीवर मात्र ख्रिस्ती प्रार्थनेची चित्रं! येशूने शिकवलेल्या प्रार्थनेच्या एकेका ओळीवर एका परदेशी चित्रकाराने अजब चित्रं काढलीत – शेतावरून उडणारे मासे, कानात शिरणारा जिना. त्यांचे प्रिंट्स मी कुठून कुठून मागवून जमवते. हॉस्टेलमधली माझी रूममेट जेवणाआधी ती प्रार्थना म्हणायची, तेव्हापासूनचं हे वेड. सगळी मिळाली, फक्त रोजची भाकर मागणाऱ्या ओळीचं चित्र मिळेना. नेटवर त्याचा साधा फोटोही नाही. मी खिळा ठोकून त्याची जागा राखून ठेवली होती.

त्या खिळ्यासमोरच मामांची – माझ्या सासऱ्यांची – कॉट. सासूबाई गेल्या, आम्ही मामांना गावाहून, मैंदर्गीहून, इकडे आणलं, आणि त्यांनी अन्नच सोडलं. दुधात भाकरी कुस्करून दिली तरी तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, आता नळी घालावी लागेल. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्याच दुपारी मामांनी हाक मारली, "पोरी, ताट आन. त्यो कवाधरनं थांबलाय."

"कोण, मामा?"

त्यांनी खिळ्याकडे बोट केलं. "त्यो की. ज्वारीच्या रानात नुसतं दार हाय, भिंत न्हाय. दारात बसलाय. तोंडाच्या जागी आभाळ हाय बग. म्होरं भाकरी हाय, पर मोडंना. मी मोडल्याबगर त्यो कसा मोडंल?"

आमच्याकडे थोरल्या माणसाने भाकरी मोडल्याशिवाय कुणी घास घेत नाही.

भिंतीवर खिळ्याशिवाय काही नव्हतं. तरी मी ताट आणलं. मामांनी भाकरी मोडली, शेंगाच्या चटणीला लावली, खाल्ली. त्या दिवसापासून ते रोज जेवायला लागले. नवरा म्हणाला, "भास होतायत त्यांना. पण जेवतायत ना... होऊ देत."

पुढे पुण्यातल्या एका संग्राहकाकडे ते चित्र असल्याचं कळलं. फोनवरच सगळं ठरलं. कुरिअर आलं, मी कागद सोडवला आणि तिथेच फरशीवर बसले. पिकलेलं रान. भिंतीशिवायचं दार. दारात बसलेला माणूस, चेहऱ्याच्या जागी आभाळ. त्याच्यापुढे गोल, चपटी भाकरी... आणि तिचा एक तुकडा मोडलेला – बघणाऱ्याच्या बाजूने.

उठले. तशीच फ्रेम खिळ्यावर लावली. "मामा, नवीन चित्र आलंय."

"नवीन कसलं? ह्येच की. पुसून लावलंस व्हय?"

नवरा योगायोग म्हणतो. पण जे मलाच माहीत नव्हतं, ते मामांना कुठून दिसलं? परवा ऑफिसातून उशिरा आले, उभ्या-उभ्याच बिस्कीट खात पुन्हा मामांना खोदून विचारलं. त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या बिस्किटाकडे.

"त्ये ऱ्हाऊ दे. जेवलीस का तू? बस आदी. त्यो थांबलाय."