सासऱ्यांची नदी आणि आमचं खातं

वैरागजवळच्या सासुरवाडीत जेवता जेवता मी सासऱ्यांना आनंदाची बातमी म्हणून सांगितलं, "मामा, तुमची नदी ही नदी नाहीच. नाला आहे!"

त्यांचा घास हातातच राहिला.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सोलापुरात पाटबंधारे खात्यात कारकून. सासऱ्यांच्या लिंबाच्या बागेतली विहीर आटली होती, पण नदीच्या डोहात अजून पाणी होतं. तिथं इंजिन बसवायला सरकारची परवानगी हवी. खात्याच्या यादीत असेल ती नदी; तिची परवानगी आमचे साहेब देणार. यादीत नसेल तो नाला, त्याची तहसीलदार. आमच्या साहेबांच्या टेबलावर कागद किती मुरतो ते मला ठाऊक, म्हणून माझा एवढा आनंद.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "दर श्रावणात आमच्या बायका तिची वटी भरत्यात. नाल्याची भरत्यात व्हय?"

"तसं नव्हे मामा, सरकारदरबारी..."

"सरकार कदी आलंतं हितं वटी भराया?"

सासूबाईंनी माझ्या पानात न मागता आमटी वाढली. गप्प बसा, असा त्याचा अर्थ.

अर्जात 'नाला' लिहायला सासरे काही केल्या तयार होईनात. 'नदी' लिहिलेला अर्ज आमच्याकडे आला. साहेब म्हणाले, ही आपल्या यादीत नाही. तहसीलदार म्हणाले, यात नदी लिहिलंय, नदी आमच्याकडे येत नाही. तिकडे झाडांची पानं वळायला लागली. घरी बायको रोज विचारायची, "ठरलं का हो तिचं?" जणू उपवर नणंदेची चौकशी.

शेवटी मी नवा अर्ज लिहिला: 'गावकरी जिला नदी म्हणतात असा नाला.' सासऱ्यांना वाचून दाखवताना शेवटच्या दोन शब्दांवर मला खोकला आला. त्यांनी सही केली. तहसीलदारांनी बहुधा तेवढेच दोन शब्द वाचले, कारण परवानगी आली. तोवर अर्धी बाग वाळली होती. उरलेली इंजिनानं वाचवली.

त्या झाडांची लिंबं पुढच्या हंगामात गोणीभर आली. बायकोनं लोणचं घातलं. मी विचारलं, "एक बरणी साहेबांना नेऊ?"

"न्या की," ती म्हणाली. "पण हे लिंबूच आहे, असं त्यांच्याकडून आधी लिहून घ्या. नाहीतर बरणी उघडायला वर्ष जायचं."