चौघांना तीन जागा

२००८च्या सुमारास मी भूगावात काकूंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. गाव परभणी, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत, आणि रविवारी करायला दुसरं काही नाही, म्हणून इंटरनेटवरचा एक तलवारी-जादूचा खेळ खेळायचो. त्यात आपण पात्रं तयार करायची, त्यांना राक्षस मारायला पाठवायचं आणि वरच्या पातळीवर नेत राहायचं. माझी तीन पात्रं होती: साठाव्या पातळीचा तलवारबाज, एक जादूगार आणि दोघांचं सामान वाहणारा हमाल. चौथं पात्र काकूंचं.

त्याचं असं झालं, काकू एकदा अळूची भाजी द्यायला वर आल्या आणि ही माणसं कुठली म्हणून पडद्याकडे बघत उभ्याच राहिल्या. गंमत म्हणून मी त्यांना एक बाई करून दिली. हिरवं लुगडं हवं होतं, ते हिरव्या झग्यावर भागवलं. आता लांडगे मारायचे म्हटल्यावर, लांडग्यानं माझं काय वाकडं केलंय, असं म्हणून काकूंनी तलवार खाली ठेवायला लावली. मग त्यांची बाई तळ्यावर मासे धरत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'जेवला का' विचारायची. काकू एका बोटाने इंग्रजी अक्षरं शोधून ते लिहायच्या. कुठल्याशा देशातला एक चिलखतवाला ते शिकला आणि तळ्यावर येऊन 'जेवला' असं सांगून जाऊ लागला. पातळी अवघी चार, पण बाजारभर ओळख. मला थोडा हेवाच वाटायचा.

मधे कंपनीने मला दहा महिने चेन्नईला धाडलं, तिकडे खेळ उघडायला सवडच झाली नाही. परत आलो तर खोली तीच मिळाली, पण खेळाचे नियम बदलले होते. सहा महिन्यांहून जास्त गैरहजर राहून परतणाऱ्यांना आता तीनच जागा. चौघांपैकी कुठलं तरी एक पात्र स्वतः निवडून पुसायचं, तोवर खेळ उघडणार नाही. मी जाम भडकलो. दोन वर्षं डोळे फोडून आम्ही पात्रं वाढवली आणि हे कोण टिकोजीराव जागा ठरवणारे? भडकून झाल्यावर मात्र पाच मिनिटांत ठरवून टाकलं, की जाणार तर पातळी चारच जाणार. काकूंच्या बाईपुढे खूण केली. शेवटचं बटण तेवढं बाकी ठेवून खाली गेलो, कारण न सांगता पुसणं बरं दिसलं नसतं.

काकू ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी सगळं समजावून सांगितलं.

"काढ की माझी," त्या म्हणाल्या. "सही कुटं करायची?"

मला हसू आलं. सही कशाला, म्हटलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. माहेर माले गावचं. तिथली जमीन विकायचं ठरलं तेव्हा भाऊ गाडी घेऊन आले, पौडच्या कचेरीत घेऊन गेले, हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली आणि नवी साडी देऊन घरी आणून सोडलं. वाटेत उसाचा रस पाजला, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं. तक्रारीचा सूर कुठेच नव्हता.

"तितं कुनी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तू इचारतोयस तरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारायला आलोच नव्हतो, कळवायला आलो होतो. दोन पाकळ्या उगाच सोलल्या आणि वर गेलो. काकूंच्या बाईपुढची खूण काढली, जादूगारापुढे केली आणि मन फिरायच्या आत बटण दाबलं. दोन वर्षांचा जादूगार डोळ्यांदेखत गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग काकूंना हाक मारली. पदराला हात पुसत त्या आल्या. त्यांची बाई तळ्याकाठी होती तशी उभी होती. तिला बघून काकू इतक्या मनापासून हसल्या की माझं दुःख निम्मं झालं. खुर्ची पुढे ओढून त्या बसल्या आणि मग गेलं कोण, म्हणून विचारलं. जादूगार, मी सांगितलं.

काकू माझ्याकडे वळल्या.

"त्याला इचारलंस का?"