फीत कापण्याआधी बोट पाण्यात

बोट खोक्यात होती आणि साहेबांना माझी सही आजच हवी होती.

"मॅडम, प्रमाणपत्र गेलं नाही तर पुढचा हप्ता अडकेल."

"सर, बोट अजून कोणी फुगवलेलीसुद्धा नाही."

"भाऊसाहेबांच्या हस्ते लोकार्पण व्हायचंय. त्याआधी खोकं फोडलं तर ते मला फोडतील."

भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांना वेळ मिळत नव्हता, म्हणून बोट थांबली होती.

मी नाशिकला आपत्ती व्यवस्थापन शाखेत लेखाधिकारी आहे. पूर, दरड, आग यांसाठी लागणारं साहित्य घ्यायला सरकार अनुदान देतं. ते ज्या कामासाठी आलं, त्याच कामाला लावायचं असतं. मग उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. म्हणजे पैसे ठरलेल्या कामाला लागले आणि वस्तू चालू स्थितीत आहे, असं लिहून द्यायचं. त्यावर साहेबांच्या आधी माझी सही लागते. न बघितलेली बोट चालू आहे असं मी कशी लिहू?

बघायला म्हणून इगतपुरीला गेले. तालुक्यातल्या एका पाड्यासाठी ही रबरी बोट घेतली होती. पावसाळ्यात धरणाचं पाणी चढलं की पाड्याचा रस्ता बुडतो. बोट मात्र गोदामात. खोक्यावर कुंकू, त्यावर वाळलेला झेंडूचा हार. खोक्याचीच पूजा करून सगळे मोकळे झाले होते.

पाड्याच्या आशा कार्यकर्त्या सुमनताई तिथेच भेटल्या.

"मॅडम, आमच्या यशोदाचे दिवस श्रावणात भरत्यात. पहिलटकरीण हाय, बीपी लय वाढतंय. डॉक्टरीण म्हणली, घरी बाळंत करायचं नाय. मग पाण्यातून न्यायची कशी? ह्या खोक्यात बसवून?"

"आधीच आणून ठेवा ना इकडे."

"सासू सोडती व्हय? म्हणती, दिवस भरू द्या, मग बघू."

परत आल्यावर अनुदानाच्या अटी घेऊन साहेबांसमोर बसले. एका अटीप्रमाणे पुरवठादाराची शेवटची रक्कम प्रत्यक्ष चाचणीनंतरच द्यायची होती. दुसरी अडचण पेट्रोलची. साहित्याच्या पैशातून बोटीचं इंजिन घेता येतं, इंजिनात घालायचं पेट्रोल नाही. पण प्रशिक्षण आणि रंगीत तालमीचे पैसे वेगळे असतात. रंगीत तालीम म्हणजे संकट आलंय असं धरून केलेला सराव. त्यात इंधन चालतं.

"म्हणजे तालीम घेतली की पेट्रोलही मिळतं आणि चाचणीही होते," मी म्हटलं.

"आणि भाऊसाहेब?"

"फीत त्यांच्यासाठीच ठेवू. तालीम म्हणजे लोकार्पण नव्हे."

"बोट मळली तर?"

"धुऊ."

"फाटली तर?"

"चाचणीत फाटली तर पुरवठादार बदलून देईल. पुरात फाटली तर आपली चौकशी लागेल."

साहेबांनी पंखा मोठा केला. "घ्या तालीम," म्हणाले.

तालमीच्या दिवशी पाण्याकाठी खोकं उघडलं. बोट पसरली, पंप लावला. पंपाची नळी बोटीच्या तोंडात बसेचना. ढिली. सगळी हवा बाहेर. बोट गोधडीसारखी पडून राहिली.

पुरवठादार मनोजशेठ नाशिकच्या अंबडहून आले होते. "मॅडम, थोडं फडकं गुंडाळा, बसेल."

"शेठ, मग आधी तुम्हीच बसा," सुमनताई म्हणाल्या. काठावरची माणसं हसली.

शेठ माझ्याकडे वळले. "एवढ्या किरकोळ गोष्टीसाठी पेमेंट अडवणार का?"

"अडवत नाही. चाचणी झाली नाही, तोवर ते देणंच लागत नाही."

संध्याकाळी बरोबर मापाचा पंप आला. दुसऱ्या दिवशी बोट टणक फुगली. पाड्यावर मासेमारी करणारे तिघे इंजिन चालवायला शिकले. त्यांना पाणी माहीत होतं, फक्त इंजिन नवं होतं. मी काठावर उभी राहून दोन फेऱ्या बघितल्या, कचेरीत आले आणि सही केली.

श्रावणात धो धो पाऊस लागला. रस्ता बुडाला. सकाळीच सुमनताईंचा फोन. "यशोदाच्या पोटात दुखाया लागलंय. बोटीनं निघालो." पुढे रेंज गेली.

मी फायली उघडल्या. एकाही फाइलीत लक्ष लागलं नाही. साहेब दोनदा विनाकारण माझ्या टेबलापाशी येऊन गेले. पंप, नळी, पेट्रोल, सगळं मनातल्या मनात पुन्हा तपासून झालं.

दुपारी फोन वाजला.

"मुलगी झाली, मॅडम! सिझर करावं लागलं. दोघी बऱ्या हायेत."

"आणि सासूबाई?"

"आधी बोटीत बसाया तयार नव्हती. आता म्हणती, जाताना पण बोटीनंच जाऊ."

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सगळ्या शाखेला चहा मागवला. मला एकदम भूक लागली. सकाळपासून डबा उघडलाच नव्हता.

भाऊसाहेब गणपतीनंतर आले. बोट घासूनपुसून ठेवली होती, पुढे लाल फीत. त्यांनी फीत कापली आणि बोटीवर हात फिरवला.

"ही नवी वाटत नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"वापरलेली आहे," मी म्हटलं.

सुमनताईंनी बाळाला घेऊन आलेल्या यशोदाला पुढे ढकललं. "भाऊ, ह्या पोरीच्या आईला ह्या बोटीतनंच नेली." भाऊसाहेबांनी पोरीला उचललं, फोटो काढून घेतला, आणि बोटीच्या वयाचा विषय तिथेच संपला.

खोक्यातली वस्तू हिशेबात उत्तम दिसते. तिचा उपयोग होईल की नाही, हे खोकं उघडल्यावरच कळतं. यंदाच्या अनुदानातून लाइफ जॅकेटं आली. प्रमाणपत्राचा कागद माझ्यापुढे ठेवण्याआधी साहेबांनीच विचारलं, "मॅडम, भिजवायची कधी?"