रिकाम्या हुकाचा अर्धा तास

क्रेनवर खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून ओझ्याला पट्टे बांधता बांधता मी स्वतःची क्रेन घेतली. त्यामुळे भाव करताना सहसा कुणाला ऐकत नाही. महाबळेश्वरच्या एका हॉटेलमालकाने मात्र फोनवर मला पार पिळलं. "रिकाम्या हुकाचं भाडं देणार नाही. वजन उचललं की घड्याळ सुरू." मी कबूल झालो आणि कुपवाडहून वर पोचेपर्यंत धुमसत राहिलो.

सकाळी गवतावरचं दव गोठलं होतं. जनरेटर उचलून चौथऱ्यावर ठेवायचा होता. थंडीत क्रेनचं तेल घट्ट होतं. लिव्हर ओढला तरी आधी काहीच हलत नाही, मग एकदम झटका बसतो. म्हणून आमचे ऑपरेटर चाचा हिवाळ्यात अर्धा तास रिकामा हूक वरखाली करून तेल गरम करायचे.

दहाच मिनिटं झाली होती. मालक गॅलरीत उभा राहून मजा बघत होता. माझं डोकं फिरलं.

"चाचा, क्रेन चालवायला आलाय का शेकोटी करायला?"

"शेठ, तेल अजून घट्ट हाय. जरा दम धरा."

"उचला म्हणतो ना!"

चाचांनी उचललं. झटका बसला, जनरेटर झुलला आणि त्याला हाताने सावरणाऱ्या आमच्या खलाशाची दोन बोटं भिंतीशी चेंगरली. ती काढावी लागली.

फौजदाराने विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "माझीच घाई झाली, साहेब." मी शेजारीच होतो. बोललो नाही.

नंतर विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या दवाखान्याचं कोण बघणार, शेठ? तुमाला आत पाठवून काय करू?"

त्या मालकाला मी अजून शिव्या घालतो. पण "उचला" तो म्हणाला नव्हता.

खलाशी कामावर परत आला. इंजिनाच्या आवाजात माझं "उचला" त्याला ऐकू गेलं नव्हतं; चाचांनीच आपला हात घालवला, असं तो धरून चाललाय. पूर्वी दोघं क्रेनच्या सावलीत एका डब्यात जेवायचे. आता चाचा केबिनमध्ये एकटेच जेवतात. परवा खलाशी मला म्हणाला, "म्हाताऱ्याला काढा की, शेठ. अजून कुणाचा तरी हात घेईल."

"बघू," म्हणालो मी.