पळस्प्याचा बाण

व्हेक्टर काही डोक्यात साठत नाहीत, किस्से मात्र साठतात. खांदा कॉलनीतला आमचा फिजिक्सचा क्लास तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट कायम बंद. कॉलेज करून, जिने चढून सगळे इतके दमलेले असतात, की कोण काय बोलून जाईल सांगता येत नाही! मी फारशी बोलत नाही. त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

*

सर म्हणाले, "ओरिजिन सोयीचा घ्या. तिथून पळस्पे फाट्याचा पोझिशन व्हेक्टर काढा, म्हणजे तिथून फाट्यापर्यंतचा बाण."

रोहनने ओरिजिन म्हणून वडापावची गाडी घेतली. बाकी प्रत्येकाने आपापलं घर. फाटा एकच, बाण वर्गात डोकी तितके!

तपासून झाल्यावर सरांनी कपाळ दाबलं. "सगळ्यांचं बरोबर आहे रे! हाच तर त्रास आहे!"

*

माझ्या शेजारी धनश्री बसते. तिची बिल्डिंग पाडून नवी बांधणार, म्हणून त्यांचं घर पळस्प्याच्या पुढे हलणार होतं. तिचे बाबा सरांना भेटायला आले.

"तिकडून नाय जमणार हिला, सर. लय लांब पडतंय. क्लास बंदच करतो."

धनश्री बेंचचा खिळा बघत राहिली. सर एवढंच म्हणाले, "बघू."

*

घरी जाऊन मी आईला सांगितलं, "सकाळी इथून निघाले, परत इथेच आले. म्हणजे माझं आजचं डिस्प्लेसमेंट शून्य!"

आई ओट्यापासून न वळता म्हणाली, "माझं रोजच असतं. ताटं घे."

*

सरांनी मे महिन्यात फळ्यामागची भिंत रंगवून घेतली. तेव्हापासून भिंतीला नुसती बॅग टेकली तरी ओरडतात. एकदा रोहन टेकला.

"पाठीत हाडं आहेत ना तुझ्या?"

"सकाळी होती, सर!"

*

शुक्रवारी सरांनी विचारलं, "घरातून निघालात, घरी परत गेलात. डिस्प्लेसमेंट किती?"

"शून्य!" सगळे कंटाळून म्हणाले.

धनश्रीने हात वर केला. "माझं नाही, सर. सकाळी जुन्या घरातून निघाले. आता नव्या घरी जायचंय."

सरांनी तिच्या हातात खडू दिला. "काढून दाखव. एक वीत म्हणजे एक किलोमीटर."

ती विती मोजत बाण ओढत गेली. फळ्याच्या खालच्या कडेला थांबली. "फळा संपला, सर."

"मग भिंतीवर काढ."

तिने आमच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. आणि खाली बसून नव्या रंगावर बाण पुरा केला.

सर तो बघत राहिले. "आता उलटा काढ," ते म्हणाले. "उद्या इकडे यायचा."